इम्प्लांट काढावं लागलं, त्यानंतर

"हे घामोळं नाही," डॉक्टर म्हणाल्या. "इन्फेक्शन आहे. ते आत इम्प्लांटपर्यंत गेलंय का, ते आजच बघावं लागेल. आता घरी नाही जायचं."

परळच्या हॉस्पिटलात मी तपासणीच्या पलंगावर बसले होते. डाव्या बाजूच्या नव्या स्तनावर, टाक्यांच्या खाली, तळहाताएवढी जागा लालभडक झाली होती. प्लास्टिक सर्जन डॉ. शहा मॅडमनी निळं पेन उघडलं आणि त्या लालीच्या कडेकडेने माझ्या अंगावर रेघ ओढली.

"ही रेघ पुसायची नाही. लाली रेघेच्या बाहेर सरकली, तर औषध लागू पडत नाहीये असं समजायचं."

मी शाळेत भूगोल शिकवते. मुलांनी नकाशात आखलेल्या हद्दी रोज तपासते. कुणी माझ्याच अंगावर हद्द आखेल असं कधी मनात आलं नव्हतं.

बाहेरच्या बाकावर माझा नवरा अनिल मोबाईलमध्ये ऑफिसचं काहीतरी बघत बसला होता. त्याला वाटत होतं, साधी तपासणी आहे, तासाभरात निघू. मी दार उघडून त्याच्याकडे नुसतं बघितलं, तर तो उठून उभाच राहिला.

ज्या बायकांवर अशी वेळ येईल त्यांच्यासाठी मी हे लिहिते आहे. ऑपरेशनबद्दल सगळे सांगतात. त्यानंतरच्या दिवसांबद्दल फार कुणी बोलत नाही. मलाही ते दिवस आले तेव्हाच कळले.

मी सुजाता. वय पंचेचाळीस. माझं माहेर काळाचौकीचं, वडील गिरणीत होते. ते गेले. आई अजून त्याच चाळीत राहते, दुसरीकडे यायला तयार होत नाही. आम्ही राहतो अँटॉप हिलच्या सरकारी क्वार्टर्समध्ये. अनिल सरकारी नोकरीत, मी दादरच्या एका शाळेत. मुलगा पुण्याला शिकतो.

गाठ लागली ती आंघोळ करताना. दुखत नव्हती, म्हणूनच जास्त घाबरले. मॅमोग्राफी झाली, म्हणजे स्तनाचा एक्स-रे. मग बायॉप्सी, म्हणजे सुईने गाठीचा बारीक तुकडा काढून तपासतात ती. कॅन्सर निघाला. एकाच स्तनात दोन गाठी होत्या आणि एकमेकींपासून लांब, त्यामुळे अख्खा स्तन काढणं भाग होतं. त्याला मॅस्टेक्टमी म्हणतात. कॅन्सरचे सर्जन म्हणाले, "वेळेत आलात. ऑपरेशन, मग केमो. बरं होण्यासारखं आहे." आणि लगेच विचारलं, "रिकन्स्ट्रक्शन करायचंय का?"

रिकन्स्ट्रक्शन म्हणजे काढलेल्या स्तनाच्या जागी नवा घडवणं. माझ्या बाबतीत ते सिलिकॉनचं इम्प्लांट आत बसवून, त्याच ऑपरेशनमध्ये करता येणार होतं. मी त्यांना दोन मिनिटंसुद्धा थांबवलं नाही. हो म्हणाले.

घरी सांगितल्यावर माझी नणंद मीनाताई म्हणाल्या, "अगं, जीव वाचतोय ते बघ ना. आता या वयात कुणाला दाखवायचंय?"

त्या वाईट नाहीत. माझ्या बाळंतपणात त्यांनीच सगळं केलं होतं. पण ते वाक्य मला लागलं. अनिल म्हणाला, "तुला पाहिजे असेल तर कर." आईने फक्त एवढंच विचारलं, "जास्त दुखेल का गं?"

मला ते का हवं होतं? सकाळी साडी नेसताना आरशात बघायचं आणि लगेच डब्याचा, हजेरीचा, पहिल्या तासाचा विचार करायचा, एवढंच मला हवं होतं. मला आजार होऊन गेला हे दिवसातून काही वेळ तरी विसरता यावं. यात लाजण्यासारखं काही आहे असं मला वाटलं नाही. पुढे मात्र तसं वाटायला लावणारे दिवस आले.

शहा मॅडमनी ऑपरेशनच्या आधी मला समोर बसवून काय काय बिघडू शकतं ते नीट सांगितलं होतं. हिमॅटोमा, म्हणजे आत रक्त साचणं. सिरोमा, म्हणजे जखमेच्या पोकळीत पिवळसर पाणी साचणं. इन्फेक्शन. वरच्या कातडीला रक्तपुरवठा कमी पडून ती काळी पडणं. आणि काही महिन्यांनी किंवा वर्षांनी कॅप्स्युलर कॉन्ट्रॅक्चर, म्हणजे इम्प्लांटभोवती आपलं शरीर जो पडदा तयार करतं तो आवळून कडक होणं. मी मान डोलावत होते. त्या सगळ्यातून मी घरी एकच वाक्य आणलं, की बऱ्याच जणींना यातलं काही होत नाही.

ऑपरेशन नीट झालं. शुद्धीवर आले तेव्हा छातीवर घट्ट पट्टा होता आणि काखेखालून दोन बारीक नळ्या बाहेर आल्या होत्या. हे ड्रेन. आत साचणारं पाणी नळीतून बाहेर एका छोट्या बाटलीत येतं. मी त्या बाटल्या कापडी पिशवीत घालून गळ्यात अडकवून घरभर फिरायचे. झोपताना त्या कुठे ठेवायच्या हाच एक मोठा प्रश्न होता. डावा हात खांद्याच्या वर जात नव्हता. केस विंचरायला अनिल यायचा आणि भांग नेहमी वाकडा पाडायचा.

पट्टा सुटला त्या दिवशी मी बाथरूमची कडी लावून आरशात बघितलं. नवा स्तन जरा वर होता, जरा कडक, निळाजांभळा. पण होता. मी तिथेच उभी राहून हसले.

ड्रेन काढले आणि त्यानंतर ती बाजू फुगायला लागली. कुशीवर वळलं की आत पाणी डुचमळल्यासारखं व्हायचं. सोनोग्राफी झाली, सिरोमा निघाला. सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत बघत त्यांनी सुईने पाणी काढलं. "हे होतं. घाबरू नका," असं सांगून घरी पाठवलं. मी घाबरले नाही.

मे महिना होता. सर्जिकल ब्रा म्हणजे जाड पट्ट्यांचं जाकीटच असतं, त्याच्या आत घामाच्या धारा. आई थोड्या दिवसांसाठी राहायला आली होती. एक दिवस ती ब्रा सैल करून देताना म्हणाली, "इथं लाल झालंय बघ. घामोळं उठलंय."

मलाही ते पटलं. तेच सोपं होतं. संध्याकाळी कणकण वाटली, ती दगदगीने असेल म्हणून सोडून दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी थंडी वाजली. भर मे महिन्यात मी अंगावर चादर ओढून घेतली. आईने लाल जागेला हात लावला आणि झटकन मागे घेतला. नुकतीच इस्त्री फिरवलेल्या कपड्याला हात लागावा तशी ती जागा गरम होती.

म्हणून सांगते. लाली पसरत असेल, जागा गरम लागत असेल, दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढत असेल, ताप किंवा थंडी असेल, जखमेतून पाणी येत असेल, तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका. घरात कुणी काही म्हणो. त्याच दिवशी जा.

तर त्या दिवशी मी पुन्हा अ‍ॅडमिट झाले. हाताच्या शिरेतून अँटिबायोटिक सुरू झालं. सुईने आतलं पाणी काढून कल्चरला पाठवलं. कल्चर म्हणजे त्या पाण्यातले जंतू प्रयोगशाळेत वाढवून, कुठल्या औषधाने ते मरतात ते बघणं. रिपोर्टला वेळ लागतो. तोपर्यंत डॉक्टर अंदाजाने औषध देतात आणि आपण अंगावरची रेघ बघत बसतो.

दुसऱ्या सकाळी लाली रेघेच्या बाहेर गेली होती. काखेच्या बाजूला, बोटभर. सिस्टरने बघितलं, लगेच मॅडमना फोन केला. औषध बदललं.

खोली दोघींची होती. मधे पडदा. पलीकडच्या खाटेवर लालबागच्या नलिनी राणे होत्या, साठीच्या पुढच्या, मूळच्या मालवणकडच्या. त्यांचा स्तन खूप वर्षांपूर्वी काढला होता. आता त्या हातासाठी आल्या होत्या. त्यांचा उजवा हात कोपरापासून बोटांपर्यंत सुजून जड झाला होता. लिंफेडेमा म्हणतात त्याला. काखेतल्या गाठी काढल्या की कधीकधी हातातलं पाणी वर जायला वाट उरत नाही आणि ते साचून राहतं. त्या सुजलेला हात उशीवर ठेवून डाव्या हाताने जेवायच्या आणि सांडलं की स्वतःलाच शिव्या द्यायच्या.

कल्चरचा रिपोर्ट आला. नवीन औषध त्या जंतूंवर चालणारं होतं. ताप उतरला. लाली हळूहळू रेघेच्या आत आली. मला वाटलं, सुटले.

मग दुपारी शहा मॅडम आणि केमोचे डॉक्टर कामत एकत्र आले. दोन डॉक्टर एकत्र आले की पेशंटला बोलायच्या आधीच कळतं.

डॉ. कामत म्हणाले, "केमोने अंगातली प्रतिकारशक्ती कमी होते. आत इन्फेक्शन असताना मी केमो सुरू करू शकत नाही. आणि केमो फार लांबवणंही बरोबर नाही."

शहा मॅडम म्हणाल्या, "दोन रस्ते आहेत. आत्ताच इम्प्लांट काढून टाकायचं. जखम भरते, केमो सुरू होते, पुढचं पुढे बघू. नाहीतर औषध चालू ठेवून इम्प्लांट वाचवायचा प्रयत्न करायचा. औषधाचा गुण येतोय, म्हणून मी हा दुसरा रस्ता तुमच्यापुढे ठेवतेय. पण इम्प्लांट बाहेरची वस्तू आहे. त्याला चिकटलेले जंतू कधीकधी औषधाला दाद देत नाहीत. नाही जमलं तर मधले दिवस फुकट जातील."

"तुम्ही काय केलं असतं?" मी विचारलं.

त्या म्हणाल्या, "तुमच्या जागी नाहीये मी. संध्याकाळपर्यंत सांगा."

ते गेल्यावर अनिल म्हणाला, "काढून टाकूया ना. काय ठेवलंय त्यात?"

"तुझं काही नसेल ठेवलं. माझं ठेवलंय."

"सुजाता, माझ्यासाठी म्हणून मला ते कधीच नको होतं. तू जगायला पाहिजेस, बस."

"मग मी काय मरायला केलं का ते ऑपरेशन?"

मी जोरात बोलले असणार, कारण दारातून जाणारी सिस्टर थबकली. अनिलने थर्मास उचलला आणि चहा आणतो म्हणून गेला. बराच वेळ आला नाही. मी भिंतीकडे तोंड करून रडत होते. मीनाताईंचं ते वाक्य डोक्यात फिरत होतं. कुणाला दाखवायचंय. खरंच, कुणाला? आणि एवढ्यासाठी मी केमो पणाला लावतेय का?

पडद्यापलीकडून आवाज आला. "रडतंस कित्याक गो? दुखता काय?"

"नाही."

"मगे ऐक. माजी छाती काढली तेव्हा माका कोणी इचारला पण नाय, काय व्हया म्हणून. घोवाक इचारला, दिराक इचारला. तुका इचारतत. काय ता सांग त्यांका. पण असा भितीकडे तोंड करून नको."

त्यांनी मला 'ठेव' किंवा 'काढ' असं काहीच सांगितलं नाही. मी उठले, तोंड धुतलं. अनिल चहा घेऊन आला तेव्हा त्याला म्हणाले, "मी वाचवायचा प्रयत्न करणार आहे. मॅडम जेवढे दिवस म्हणतील तेवढेच. त्यानंतर हट्ट करणार नाही." त्याने मान हलवली. त्याला ते पटलेलं नव्हतं आणि ते लपवायचा त्याने प्रयत्नही केला नाही.

मॅडमनी थोडे दिवस दिले. सूज उतरली तसं घरी सोडलं, पण रोज हॉस्पिटलात येऊन शिरेतून इंजेक्शन घ्यायचं होतं. म्हणून मी आईकडे काळाचौकीला राहिले. तिथून परळ टॅक्सीने जवळ पडतं. शेजारच्या बायका दारातून डोकावून "कशी आहेस गं?" विचारायच्या आणि त्यांची नजर एकदा माझ्या छातीवर जाऊन यायची. मी ओढणी नीट करायचे. लाली आता फिकट गुलाबी झाली होती. मी मनातल्या मनात शाळा सुरू व्हायच्या दिवसांचा विचार करायला लागले होते.

एका दुपारी आई वरणभात वाढत होती. मी पाटावर न बसता खुर्चीवर बसले होते. ताट घ्यायला वाकले आणि कुर्त्याच्या आत काहीतरी ओलं लागलं. मला वाटलं पाणी सांडलं. कुर्ता वर करून बघितलं. टाक्यांच्या मधोमध एक फट पडली होती. तिच्यातून पिवळं पाणी ओघळत होतं. आणि त्या फटीत काहीतरी गुळगुळीत, पांढुरकं दिसत होतं. ते माझं नव्हतं. ते इम्प्लांट होतं.

आईने बघितलं. माझी आई साधं झुरळ दिसलं तरी ओरडते. त्या दिवशी ती ओरडली नाही. तिने गॅस बंद केला, कपाटातून धुतलेला मऊ पंचा काढला, त्याची घडी करून माझ्या छातीवर ठेवली आणि माझाच हात धरून त्यावर दाबला. "धरून ठेव. सोडू नको." मग गॅलरीत जाऊन तिने खाली हाक मारली, "टॅक्सी थांबवा रे कुणीतरी, माझ्या पोरीला न्यायचंय." अख्ख्या चाळीला कळलं. मला पहिल्यांदाच कुणाला काय कळतंय याची पर्वा वाटली नाही.

टॅक्सीत आईने माझ्या हातावर तिचा हात ठेवला होता आणि सिग्नलला ती बुद्धवंदना पुटपुटत होती. ड्रायव्हर मागे वळून बघत नव्हता, पण हॉर्न सोडत नव्हता.

शहा मॅडमनी फट बघितली आणि म्हणाल्या, "आता नाही ठेवता येणार." मी म्हणाले, "मला माहीत आहे."

त्याच दिवशी इम्प्लांट काढलं. आतली पोकळी धुऊन काढली, पुन्हा एक ड्रेन लावला. जागी झाले तेव्हा पट्ट्याखाली काही नव्हतं. पहिल्या ऑपरेशननंतर मी आरशात बघायला उतावीळ होते. या वेळी सिस्टर ड्रेसिंग बदलताना मी खिडकीकडे बघत राहायचे. समोर एका इमारतीचं बांधकाम चालू होतं. त्याचा कितवा मजला झाला ते मला पाठ होतं.

मीनाताई मटणाचं सूप घेऊन आल्या. काही बोलल्या नाहीत. त्या बोलल्या असत्या तर मी भांडले असते. त्या गप्प राहिल्या, त्यामुळे मला माझ्याशीच भांडावं लागलं. मी हावरटपणा केला का? तेव्हाच काढलं असतं तर? हे प्रश्न कुणी विचारत नव्हतं. मीच विचारत होते, रोज.

घरी आल्यावर जखमेचं ड्रेसिंग अनिल करायचा. सिस्टरकडून त्याने शिकून घेतलं होतं. ऑफिसला जायच्या आधी हात साबणाने धुऊन, चष्मा लावून तो माझ्यासमोर स्टूल घेऊन बसायचा. त्याने कधी नजर फिरवली नाही आणि उगीच काही छान छानही म्हणाला नाही. "आज पाणी कमी आहे," "ही कड अजून ओली आहे," एवढंच. ती रोजची वाक्यं मला फार धीर द्यायची.

एक दिवस पट्टी चिकटवता चिकटवता तो म्हणाला, "त्या दिवशी चहाला गेलो ना, तेव्हा मी खाली जिन्यात बसून होतो. मला फार राग आला होता तुझा. तू मरशील अशी भीती वाटत होती आणि तू इम्प्लांटचं घेऊन बसली होतीस." थोड्या वेळाने म्हणाला, "पण तुला ते का पाहिजे होतं, ते मला अजून नीट कळलेलं नाही. सांगशील?"

मी सांगितलं. साडी, आरसा, विसरणं. तो ऐकत राहिला. त्याला ऑफिसला उशीर झाला.

केमो ठरल्यापेक्षा उशिरा सुरू झाली. मी डॉ. कामतांना थेट विचारलं, की या उशिराने काही बिघडेल का. ते म्हणाले, "उशीर झालाय, पण फार नाही. तुमच्या बाबतीत नेमका काय फरक पडेल, हे मी खात्रीने सांगू शकत नाही. कुणीच नाही सांगू शकणार." ते खोटं बोलले नाहीत याबद्दल मी त्यांची आभारी आहे. पण ते वाक्य माझ्यासोबत राहतं. प्रत्येक तपासणीच्या आधीच्या आठवड्यात ते मोठं होतं. ही भीती जाईल असं मला आता वाटत नाही. ती घरात एक माणूस वाढल्यासारखी आहे. तिच्यासकट मी जेवते, झोपते, पेपर तपासते.

केस गेले, परत आले, थोडे कुरळे होऊन आले. शाळेत परत जायचं ठरलं तेव्हा मी घाबरले. एक बाजू सपाट असली की ब्लाउज तिकडे सरकतो, खांदा वर ओढला जातो. ब्राच्या आत ठेवायला सिलिकॉनचे कप बाजारात मिळतात. मला ते हातात धरवेनात. सिलिकॉन म्हटलं की ती फट आठवायची.

मी आईला हे सांगितलं नव्हतं. तिला कसं कळलं कोण जाणे. एक दिवस ती जुन्या सुती पातळाची शिवलेली एक गोल पिशवी घेऊन आली. आत मोहरी भरलेली. आमच्याकडे तान्ह्या बाळाचं डोकं गोल व्हावं म्हणून मोहरीची उशी करतात, तशी. तिने वजन अंदाजाने केलं होतं आणि ते बरोबर निघालं.

"सम्यकची उशी पण मीच शिवली होती," ती म्हणाली. सम्यक म्हणजे माझा मुलगा. "मोहरी दर महिन्याला बदल, नाहीतर किडे होतील."

मी इतकी हसले की टाके असते तर तुटले असते. पहिल्या दिवशी फळ्यावर महाराष्ट्राचा नकाशा काढताना मला सारखं वाटत होतं, मोहरी सरकल्याचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जातोय. गेला नाही. आठवीच्या वर्गाला फक्त माझ्या कुरळ्या केसांत रस होता.

परवा तपासणीला गेले होते. शहा मॅडम म्हणाल्या, "जखम छान भरली आहे. आता वाटलं तर पुन्हा करता येईल. या वेळी इम्प्लांट नको, पोटाचा किंवा पाठीचा भाग वापरून. ऑपरेशन मोठं असतं, पण आपलंच मांस असतं. घाई काहीच नाही."

"विचार करते," मी म्हणाले. खरंच करते आहे. काही दिवस हो वाटतं, काही दिवस नको.

मी निघत होते तेव्हा त्या म्हणाल्या, "बाहेर एक पेशंट बसली आहे, रूपाली. गिरगावची. लवकरच ऑपरेशन आहे तिचं, इम्प्लांटसकट. तिला कुणाशी तरी बोलायचंय. तुम्हाला चालेल?"

"माझ्याशी? माझं तर बिघडलं."

"तिने तसंच मागितलंय. ज्यांचं चांगलं झालं अशा दोघींशी बोलून झालंय तिचं."

रूपाली तिशीची असेल. शेजारी कुणी नव्हतं, एकटीच आली होती. मी बसल्याबरोबर तिने विचारलं, "ताई, पश्चात्ताप होतो का?"

मी विचार करून सांगितलं. "मला ते हवं होतं, याचा नाही होत. वाचवायला गेले त्यात दिवस गेले, त्याची भीती वाटते. पण पश्चात्ताप नाही."

"मग मी करू की नको?"

"ते मी नाही सांगणार गं. पण केलंस तर रोज सकाळी हात लावून बघ, गरम आहे का. आणि घामोळं आहे असं कुणी म्हटलं तर ऐकू नको, माझ्या आईने म्हटलं तरी."

ती हसली नाही. खाली बघत हळूच म्हणाली, "काढल्यावर कसं दिसतं? नेटवर फोटो बघितले. त्यांचे चेहरे नसतात."

डॉक्टर आणि सिस्टर सोडल्या तर माझी ती बाजू फक्त अनिलने आणि आईने बघितली आहे. राणेबाईंनीसुद्धा नाही. मी उठले आणि तिला म्हणाले, "चल."

कपडे बदलायच्या छोट्या खोलीत आम्ही दोघी जेमतेम मावलो. मी पदर बाजूला केला, ब्लाउज काढला, मोहरीची पिशवी काढून हुकाला अडकवली. ती बघत राहिली. आडवा व्रण, मध्ये जरा आत ओढलेला. बाकी सपाट कातडी.

"मला वाटलं होतं भयंकर असेल," ती म्हणाली.

"मलाही."

"हात लावू?"

"लाव. मधे मला फारसं जाणवत नाही. कडेला कळतं."

तिचा हात गार होता. तिने तो व्रणाच्या कडेवर ठेवला. बाहेर सिस्टर कुणाचं तरी नाव पुकारत होती. ते आमच्यापैकी कुणाचंच नव्हतं. रूपालीने हात काढून घेतला नाही आणि मलाही कुठे जायची घाई नव्हती.